शेवटचा साक्षीदार

फेब्रुवारी १९५६ मधील एक रात्र. अमेरिकेतील दूरचित्रवाणीच्या एका कार्यक्रमात पंचाण्णव वर्षांचे एक वृद्ध गृहस्थ येऊन बसले. त्यांचे नाव सॅम्युएल सीमोर. त्यांच्या आयुष्यातील एक गुपित समोरच्या मंडळींनी प्रश्न विचारून ओळखावयाचे होते. अध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली, त्या वेळी हे गृहस्थ त्याच नाट्यगृहात होते! तेव्हा त्यांचे वय होते अवघे पाच वर्षे.

गुलामगिरीच्या प्रश्नावरून अमेरिकेतील उत्तरेची व दक्षिणेची राज्ये चार वर्षे परस्परांशी लढत होती. ९ एप्रिल १८६५ रोजी दक्षिणेचा सेनापती ली शरण आला. राजधानी वॉशिंग्टनमध्ये आनंदीआनंद झाला. परंतु पराभवाने चडफडणाऱ्या काही जणांच्या मनात सुडाचा अग्नी धुमसतच होता.

१४ एप्रिल रोजी लहानगा सॅम्युएल वडिलांबरोबर वॉशिंग्टनला आला. रस्तोरस्ती बंदूकधारी शिपाई पाहून तो घाबरून गेला. सदरा फाटल्याची सबब सांगून तो गाडीतून खाली उतरेना. दाईने मोठी टाचणी लावून सदरा सावरला. घाईत ती टाचणी त्याला टोचली, तोच ‘मला गोळी लागली!’ म्हणून त्याने आकांत मांडला. खरी गोळी त्याच रात्री सुटणार होती, हे कोणाला ठाऊक होते?

त्या रात्री दाई आणि घरोब्याच्या एक बाई यांच्याबरोबर तो फोर्ड नाट्यगृहात गेला. समोरच्या सज्जात लिंकन येऊन बसले. हात हलवून त्यांनी लोकांच्या अभिवादनाचा हसतमुखाने स्वीकार केला. नाटक रंगात आले असता एकाएकी गोळीचा आवाज झाला. कोणीतरी किंचाळले. लिंकन पुढे कलले. इतक्यात सज्जाच्या कठड्यावरून एक माणूस खाली रंगमंचावर येऊन पडला.

एकच गोंधळ उडाला. पाच वर्षांच्या बालकाला एवढेच समजले, की एक माणूस उंचावरून पडला आहे आणि त्याला लागले असेल. ‘चला लवकर, त्या बिचाऱ्याला मदत करू या,’ अशी तो मोठ्या माणसांना विनवणी करू लागला.

तो ‘बिचारा’ म्हणजेच लिंकन यांचा मारेकरी, जॉन विल्क्स बूथ हा नट! लिंकन यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी प्राण सोडला. पळून गेलेला बूथ एका कोठारात लपला असता २६ एप्रिल रोजी सैनिकांच्या गोळीने ठार झाला.

सीमोर यांची हकीकत १९५४ साली प्रसिद्ध झाली. त्या रात्रीची भयंकर स्वप्ने आपल्याला म्हातारपणीही पडतात, असे त्यांनी सांगितले. परंतु नव्वद वर्षांपूर्वीच्या आठवणीत डोळ्यांनी पाहिलेले किती आणि मागाहून कळलेले किती, याचा विवेक इतिहासकाराला करावा लागतो. बूथने रंगमंचावरून नेमके कोणते शब्द उच्चारले, याविषयी त्या रात्री तेथे असलेल्या प्रौढ प्रेक्षकांचेही एकमत नव्हते. म्हणून अनेकांच्या साक्षी ताडून पाहाव्या लागतात. तरीही सीमोर यांच्या आठवणीचे मोल मोठे आहे. सूड आणि द्वेष यांनी काळवंडलेल्या त्या रात्री एका बालकाच्या मनात पडलेल्या माणसाविषयी दया उपजली होती, ही गोष्ट त्यांच्यावाचून आपल्याला कोण सांगणार होते?

१२ एप्रिल १९५६ रोजी सीमोर यांचे देहावसान झाले. त्या रात्रीचे ते शेवटचे साक्षीदार मानले जातात. मुलांनो, तुमच्या घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनीही पुष्कळ काही पाहिलेले असेल. ते आजच विचारून घ्या, लक्षपूर्वक ऐका आणि लिहून ठेवा.

स्वाध्याय

१. सॅम्युएल गाडीतून खाली उतरण्यास का तयार नव्हता?
२. सॅम्युएलला मारेकऱ्याची दया का आली?
३. जुन्या घटनेविषयी एकाच माणसाच्या आठवणीवर विसंबून का राहू नये?
४. घरातील वृद्ध व्यक्तीने पाहिलेला एखादा प्रसंग विचारून दहा ओळींत लिहा. त्यातील पाहिलेले काय व ऐकलेले काय, ते वेगळे दाखवा.