दगडांची बखर

नागपूर शहराच्या मध्यभागी सीताबर्डीची टेकडी उभी आहे. तिचा काळा कातळ भूगर्भातून वर आलेल्या तप्त लाव्हारसाचा बनलेला आहे. परंतु ईशान्येस कामठीच्या परिसरात गेले, की निराळाच दगड दृष्टीस पडतो. तो हाताला खरबरीत लागतो आणि त्यात वाळूचे कण स्पष्ट दिसतात. पहिला दगड अग्नीने घडविला, दुसरा पाण्याने.

पाणी दगड कसा घडविते? ऊन, वारा व पाऊस यांच्या माऱ्याने डोंगर झिजतात. त्यांचा चुरा नद्या वाहून नेतात. प्रवाह मंदावू लागला, की प्रथम गोटे, मग वाळू आणि अखेरीस संथ पाण्यात चिखल तळाशी बसतो. थरावर थर चढतात. वरच्या भाराने खालचे थर दाबले जातात आणि पाण्यात विरघळलेला चुना, सिलिका किंवा लोह त्यांतील कणांना सांधते. अशा रीतीने वाळूचा वालुकाश्म होतो व चिखलाचाही खडक बनतो. म्हणून खडकातील कण पाहून तो कोणत्या पाण्यात जन्मला, हे जाणत्यास ओळखता येते.

कामठीचा वालुकाश्म सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीच्या नद्यांनी आणून टाकला. त्याच्याही खालच्या थरांत दगडी कोळसा आहे. त्या काळी येथे दलदली होत्या. त्यांत पडलेल्या वनस्पती हवेअभावी पुरत्या कुजल्या नाहीत. गाळाखाली गाडल्या जाऊन त्यांचाच कोळसा झाला.

स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटलंडचे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. अध्यापनातून सवड काढून ते भोवतालचे खडक न्याहाळीत. शहराच्या वायव्येस टाकळी येथे, काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये, त्यांना व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांना गाळाचा एक पातळ थर आढळला. त्यात गोड्या पाण्यातील गोगलगायींचे शंख, फळे, बिया आणि कीटकांचे अवशेष होते. लाव्हारसात तर कोणताही जीव जगत नाही; मग हे आले कोठून? पहिला लाव्हा थंड झाल्यावर खोलगट भागांत पावसाचे पाणी साचले, सरोवरे झाली, काठी झाडे उगवली. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या त्या दोन अग्निप्रलयांच्या मध्यंतरी जीवसृष्टी येथे परतली होती! या जीवाश्मांचे वर्णन १८५५ मध्ये लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

कन्हान नदी आजही पुराबरोबर वाळूचे थर पसरीत आहे. बखर अजून लिहिली जात आहे. मात्र तिचे जुने पान एकदा फुटून त्याची खडी झाली, की ते पुन्हा लिहिता येत नाही. यास्तव दगड फोडणाऱ्याने तो आधी क्षणभर निरखून पाहावा.