तलाव, नळ आणि कावीळ

(तृतीय वर्ष कला, भूगोल विषयाच्या एका विद्यार्थिनीचा अभ्यासलेख)

राष्ट्रीय सेवा योजनेच्या हिवाळी शिबिरात आमच्या गटाच्या वाट्याला मेहरूण तलावाच्या काठाची स्वच्छता आली. दोन दिवस आम्ही प्लॅस्टिकच्या पिशव्या, निर्माल्य, थर्माकोलचे मखर असे काय काय गोळा केले. पोती भरली, छायाचित्रे निघाली, समारोपाची भाषणेही झाली. पंधरा दिवसांनी सहज म्हणून गेलो, तर काठ पहिल्यासारखाच होता. भूगोलाच्या सरांना हे सांगितले तेव्हा ते एवढेच म्हणाले, "तुम्ही काठावरचे उचललेत. पाण्यात काय येते आणि कुठून येते, ते पाहिलेत काय?" आम्ही पाहिले नव्हते.

हा प्रश्न कदाचित शिबिराबरोबरच विसरूनही गेले असते. परंतु त्याच उन्हाळ्यात माझ्या आत्याच्या घरी कावीळ शिरली. आत्या राहते ते तालुक्याचे गाव. त्याचे नाव मुद्दाम घेत नाही. गल्लीत एकामागून एक माणसे पिवळी पडत गेली. बहुतेक सर्व महिना-दीड महिन्यात बरी झाली. आत्याची सून मात्र आठव्या महिन्यात होती. वहिनी वाचली, बाळ वाचले नाही. तेव्हापासून तलावाचा विषय आणि नळाचा विषय मला वेगळे करता आले नाहीत. ते दोन्ही एकच आहेत, असे आता माझे मत झाले आहे, आणि ते का झाले हे सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम तलावाविषयी. मेहरूण म्हटले की बाहेरगावच्या माणसाला बोरे आठवतात. पण जुन्या काळी जळगाव शहर या तलावाचे पाणी पीत असे. पुढे शहर वाढले, गिरणेचे पाणी आले, आणि आता वाघूर धरणाचे पाणी नळाला येते. प्रत्येक वेळी आपण आणखी लांबून पाणी आणले आणि घराजवळच्या पाण्याकडे पाठ फिरवली. ज्या तलावाचे पाणी आपण पीत नाही, त्यात काय पडते याची चौकशी कोण करणार? आता तेथे लोक पहाटे फिरावयास जातात आणि अनंत चतुर्दशीला गणपती विसर्जनास नेतात. आजूबाजूच्या वसाहतींचे सांडपाणी तलावात उतरते, ही तक्रार तर वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांतून वाचावयास मिळते.

येथे थोडे अंकगणित करू या. शहरी पाणीपुरवठ्याची योजना आखताना दर माणशी दररोज १३५ लिटर पाणी धरण्याची रीत आहे. त्यातील सुमारे ८० टक्के पाणी वापरून झाल्यावर सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते मानतात. म्हणजे एक हजार वस्तीची कॉलनी उभी राहिली की रोज एक लाख पस्तीस हजार लिटर पाणी आत येणार आणि एक लाख आठ हजार लिटर बाहेर पडणार. आत येणाऱ्या पाण्यासाठी आपण मोर्चे काढतो, हंडे वाजवितो. बाहेर पडणाऱ्या पाण्यासाठी मोर्चा निघालेला मी अजून पाहिलेला नाही. पाणी मात्र कुणाची परवानगी विचारीत नाही. ते उताराने जाते. आणि तलाव म्हणजे परिसरातील सर्वांत सखल जागा. तेव्हा धरणाचे पाणी शहरात आणण्याची योजना ही गटारांची योजना सोबत नसेल, तर नकळत तलावात सांडपाणी सोडण्याचीच योजना ठरते. भुयारी गटारांचे काम आपल्याकडे पाण्याच्या मागून, फार मागून येते. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेतून जळगावात ते हाती घेतले गेले, म्हणजे नळ आल्यानंतर कित्येक दशकांनी!

सांडपाण्यातील नुसती घाणच तलावाला बाधते असे नाही. धुण्याच्या पावडरीतील फॉस्फेट आणि मैल्यातील नत्र ही वनस्पतींची खते होत. शेतात ज्याने केळी पोसते, त्यानेच तलावात शेवाळ आणि जलपर्णी पोसते. शेवाळ मेले की ते कुजविणारे जीवाणू पाण्यातील प्राणवायू खाऊन टाकतात. रात्री वनस्पतीही प्राणवायू सोडीत नाहीत, उलट वापरतात. म्हणून अशा तलावात मासे मरतात ते बहुधा पहाटे. लोक म्हणतात, कुणीतरी विष टाकले. ते विष आपल्या मोरीतून निघालेले असते, हे कुणाच्या ध्यानीमनी नसते.

हे सुधारते काय? सुधारते. अमेरिकेतील सिएटल शहराजवळच्या वॉशिंग्टन सरोवराची हीच गत झाली होती. तेथील नागरिकांनी मतदान करून कर स्वीकारला आणि १९६३ ते १९६८ या काळात सरोवरात येणारे सांडपाणी टप्प्याटप्प्याने बाहेर वळविले. सरोवरात कोणतेही औषध टाकले नाही, गाळही उपसला नाही. येणारे थांबविले, आणि काही वर्षांतच पाणी नितळ झाले. आपला तलाव उथळ, आपला उन्हाळा कडक, तळाशी गाळ साठलेला. तेव्हा येथे इतक्या लवकर गुण येईल असे मी म्हणणार नाही. पण क्रम तोच आहे. आधी नाला, मग काठ. आम्ही शिबिरात नेमका उलटा क्रम धरला होता.

आता धुळ्याकडे वळते, कारण माझे आजोळ पांझरेच्या काठी आहे. धुळे शहराला नकाणे आणि डेडरगाव या तलावांचे पाणी मिळते, तापीचेही मिळते. नकाण्याची पातळी किती झाली, हे धुळ्यात उन्हाळाभर चहाच्या टपरीवर बोलले जाते. मेहरूणची पातळी जळगावात कोण विचारतो? दोन तलावांमधील हा फरक पाण्याचा नसून माणसांचा आहे.

पांझरेकाठची फड पद्धत आपल्या अभ्यासक्रमात चार ओळींत येते आणि परीक्षेत टीप म्हणून विचारली जाते. ती खरे तर चारशे ओळींची बाब आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात सर्वांनी मिळून एकच पीक घ्यावयाचे, आणि पिकांची फेरपालट करावयाची. पाणी वाटण्यास पाटकरी, राखणीस जागल्या, ही माणसे लाभधारकांनीच नेमावयाची. आणि हंगामापूर्वी पाटाचा गाळ काढण्यास पाण्याच्या प्रत्येक वाटेकऱ्याने हातभार लावावयाचा. पाटात कुणी घाण टाकली, तर तक्रार नेण्यास दूर जावे लागत नसे. खालच्या शेताचा धनी फावडे घेऊनच येत असे. सर विश्वेश्वरय्या १८८४ साली सरकारी नोकरीत नवे असताना खानदेशात होते आणि पांझरेच्या परिसरात पाइपचा सायफन बांधण्याचे काम त्यांच्याकडे होते. (त्याच वर्षी रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात पटकीचा जंतू पाण्यात दाखविला. एकीकडे पाणी आणण्याची विद्या, दुसरीकडे पाण्यातले ओळखण्याची. या दोन विद्यांची आपल्या गावांत अजून नीट भेट झालेली नाही.)

मी आजीला तलावाची हकीकत सांगितली, तेव्हा ती अहिराणीत म्हणाली, "आते नळ उनात, तलावकडे कोन देखस?" माझ्या पंधरा पानांच्या प्रकल्पाचा निष्कर्ष तिने एका वाक्यात काढला.

पण नळ तरी निर्धोक आहे काय? आत्याच्या गल्लीतील पाणी शुद्धीकरण केंद्रातून येते. तेथे तुरटी, गाळणी, क्लोरीन सर्व काही होते. मग कावीळ आली कशी? याचे उत्तर शोधताना मला जे कळले, ते प्रत्येक घरी माहीत असावयास हवे असे वाटते. आपल्याकडे नळाला पाणी चोवीस तास नसते. कुठे दिवसाआड, कुठे दोन-तीन दिवसांनी, तेही तासभर. पाणी चालू असते तेव्हा जलवाहिनीत दाब असतो. तिला भेग असली तर पाणी बाहेर गळते. पाणी बंद झाले की वाहिनी रिकामी होऊ लागते आणि त्याच भेगेतून बाहेरचे आत ओढले जाते. वाहिनी गटाराशेजारून किंवा गटारातूनच गेलेली असेल, तर आत काय जाते हे सांगावयास नको. पुढच्या पाळीला ते प्रथम ज्याच्या नळाला येते, त्याच्या हंड्यात पडते. आत्याच्या गल्लीत नळाच्या जोडण्या गटार ओलांडून गेलेल्या आहेत. शिवाय पाणी खाली येते म्हणून घरोघर जमिनीत खड्डे खणून नळ त्यांत उतरविलेले, आणि खड्ड्यात कायम पाणी तुंबलेले. केंद्रातले शुद्ध पाणी शेवटच्या चार हातांत बाटते.

दिल्लीत १९५५-५६ साली असेच मोठ्या प्रमाणावर घडले होते. यमुनेच्या प्रवाहाने दिशा बदलली, नाल्याचे मैलापाणी वझिराबादच्या जलकेंद्रापर्यंत शिरले आणि शहरात सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली. केंद्रात तुरटी व क्लोरीनचे प्रमाण वाढविले होते, त्यामुळे विषमज्वर वाढला नाही. कावीळ मात्र पसरली. त्या साथीतील रुग्णांचे रक्तनमुने जपून ठेवलेले होते. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील तपासणीतून स्पष्ट झाले की ती आज ज्याला हेपटायटिस 'ई' म्हणतात ती कावीळ. इतरांना ती सहसा सोडून देते. गरोदर स्त्रीला, विशेषतः शेवटच्या तीन महिन्यांत, ती प्राणघातक ठरू शकते. पूर्वीची माणसे गरोदरपणीच्या काविळीचे नाव काढताच घाबरत. त्यांची भीती खोटी नव्हती.

आणखी एक गोष्ट. या विषाणूला शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारणतः पाच-सहा आठवडे लागतात. आत्याच्या गल्लीत साथ दिसल्यावर पाण्याचा नमुना नेला, तो पिण्यास योग्य निघाला. अहवाल खोटा होता असे नाही. दीड महिन्यापूर्वी रस्ता खोदला होता, वाहिनी फुटली होती, दुरुस्तही झाली होती. नमुना आजच्या पाण्याचा होता, आजार दीड महिन्यापूर्वीच्या पाण्याचा. "कागद चांगला आला, मग पोर कसं गेलं?" हे आत्याने मला विचारले. हा हिशेब तिला समजावताना माझा आवाज नीट निघाला नाही.

दिवाळीच्या सुटीत मी तेथे एक साधी तपासणी केली. आरोग्य कर्मचारी वापरतात त्या 'एच टू एस' कुप्या मिळतात. कुपीत खुणेपर्यंत पाणी भरावयाचे आणि उबदार जागी ठेवावयाचे. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात मैल्याशी संबंधित जीवाणू असल्याचा संशय घ्यावा. ही कुपी विषाणू दाखवीत नाही, पण वाट कुठून फुटली ते दाखविते. पाणी सुटताच पहिल्या धारेचे एक कुपीभर घेतले, वीस मिनिटांनी दुसरे. पहिली कुपी दुसऱ्या दिवशी शाईसारखी काळी झाली. दुसरी स्वच्छ राहिली. त्याच नळाचे, त्याच सकाळचे पाणी!

पाणी रोज येत नाही म्हणून आपण साठवितो, आणि साठविलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास होण्यास आठवडाभर लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व भांडी, पिंपे रिकामी करून घासून कोरडी ठेवा, असे सांगतात. सल्ला योग्यच आहे. पण चार दिवसांनी नळ येणाऱ्या बाईला साठविलेले पाणी ओतून देण्यास सांगणाऱ्याने एकदा तिच्या जागी उभे राहून पाहावे. टाकीला घट्ट झाकण आणि संडासाच्या वायुनळीला जाळी, एवढे तरी कुणालाही जमण्यासारखे आहे. कराडजवळच्या मलकापूर गावाने मीटर बसवून चोवीस तास पाणी देऊन दाखविले. चोवीस तास पाणी म्हणजे चैन, असे मी समजत होते. वाहिनीत सतत दाब राहणे ही आरोग्याची बाब आहे, हे मला त्या काळ्या कुपीने शिकविले.

कचऱ्याविषयी विस्ताराने लिहीत नाही, कारण त्याचीही वाट अखेर गटारातूनच जाते. ओला व सुका कचरा वेगळा न केल्याने पिशव्या गटारात येतात, गटार तुंबते, आणि तुंबलेल्या गटारात बुडालेली नळाची वाहिनी पाळी संपली की ते ओढून घेते. निर्माल्य तलावात टाकणाऱ्यांशी आम्ही शिबिरात वाद घातला होता. आज घालणार नाही. त्यांच्याबरोबर चालत वरच्या नाल्यापर्यंत जाईन.

या सत्रात भूगोल विभागाने आमच्या प्रकल्पाला परवानगी दिली आहे. मेहरूणला येणारे प्रवाह नकाशावर दाखवून, कोणता केवळ पावसाळ्यात वाहतो आणि कोणता भर एप्रिलमध्येही वाहतो, याची नोंद आम्ही सहा जणी ठेवीत आहोत. पाऊस नसताना वाहणारा नाला म्हणजे कुणाच्या तरी घरातला नळ, एवढे आता आम्हाला कळते. नकाशाची एक प्रत विभागात लावू, म्हणजे प्राध्यापकांना व मित्रमैत्रिणींना चुका दाखविता येतील.

आत्याने नळाखालचा खड्डा दगडमाती घालून बुजविला आणि नळ हातभर वर घेतला. धार बारीक झाली, शेजारणी हसल्या. पहिल्या दोन बादल्या ती आता अंगण धुण्यास ठेवते. पिण्याचे पाणी उकळून माठात भरते आणि माठावर झाकण ठेवून वर लांब दांडीचे ओगराळे अडकविते. वहिनीला पुन्हा दिवस गेले आहेत.