हाती जोकर, तरी पदरी ऐंशी

प्रश्न : तेरा पानांच्या रमीत हाती दोन-तीन जोकर येऊनही पुष्कळदा माझ्यावर पुरते 80 गुण चढतात. असे का व्हावे?

उत्तर : जोकर हा उपकारक खरा, परंतु ज्या एका गोष्टीवाचून सारा डाव रद्दबातल ठरतो, ती शुद्ध क्रमाची, म्हणजे एकाच रंगाच्या किमान तीन लागोपाठच्या पानांची, अट तो स्वतः बदली पान होऊन पुरी करू शकत नाही, आणि ती पुरी होण्यापूर्वी प्रतिपक्षाने डाव मांडला, तर आपले दुसरे क्रम व तिय्ये कितीही सुबक असले तरी जोकर वगळून हातातील सर्व पाने हिशेबात धरली जातात. एक्का, राजा, राणी व गुलाम यांचे प्रत्येकी दहा गुण असल्याने 80 ची कमाल मर्यादा गाठण्यास विलंब लागत नाही.

यास्तव आरंभी शुद्ध क्रमाचाच पाठपुरावा करावा, आणि तोही मधल्या पानांनी. बदामाची सत्ती-अठ्ठी हाती असल्यास छक्की वा नव्वी चालते, म्हणजे दोन जोडांत मिळून चार पाने उपयोगी पडतात. एक्का-दुर्रीला मात्र तिर्रीच हवी, आणि तिची पाने दोनच. राजा-राणीचा मोह, माझ्या मते, नवशिक्यांचा सर्वांत महागडा शौक! दुसरा क्रम जोकर लावून केला तरी चालतो. चार-पाच उचलींत शुद्ध क्रमाचा मागमूस न दिसल्यास मोठी सुटी पाने खुशाल टाकून द्यावीत.