फोडणी, उदबत्ती आणि आईचा दम

दिवाळीच्या सुमारास इथल्या बऱ्याच मराठी घरांत कुणाची ना कुणाची आई मुक्कामाला आलेली असते. बॅगेत चकलीचं भाजणीचं पीठ, सहा महिन्यांच्या गोळ्या आणि तोंडी एक सूचना: "मला थोडा दमा आहे, पण त्याची काळजी नको."

हा 'थोडा दमा' पुष्कळदा दमा नसतोच. तो असतो सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद होण्याचा आजार. दम्यात नलिका आवळतात आणि औषधाने बऱ्याचशा पूर्ववत होतात. सीओपीडीत त्या पूर्ण मोकळ्या होत नाहीत. "पण आईने आयुष्यात सिगारेट ओढली नाही!" असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, पण तिने चुलीवर भाकऱ्या किती वर्षं थापल्या, तेही आठवून पाहा. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे डॉ. पीटर बार्न्स यांनी 2009 साली 'लॅन्सेट'मध्ये नेमकं हेच मांडलं होतं. धूम्रपान न करणाऱ्यांनाही हा आजार मोठ्या प्रमाणावर होतो, आणि लाकूड, गोवऱ्या, काटक्यांचा धूर हे त्याचं एक मोठं कारण आहे.

आजार हळूहळू वाढतो, पण माणूस रुग्णालयात पोचतो तो अधूनमधून येणाऱ्या भडक्यांमुळे. भडका म्हणजे काही दिवसांत दम, खोकला, कफ एकदम वाढणं. प्रत्येक मोठा भडका फुप्फुसांची थोडी ताकद घेऊन जातो, आणि ती सगळी परत येतेच असं नाही. म्हणून तो टाळायचा, आणि टळला नाही तर लवकर ओळखायचा.

आत काय होतं ते स्वतःवर करून पाहा (तुमची फुप्फुसं धडधाकट असतील तरच). छाती भरून श्वास घ्या, थोडासाच सोडा, आणि त्यावर पुन्हा श्वास घ्या. पुन्हा थोडासाच सोडा, पुन्हा घ्या. तीन-चार वेळांत छाती फुगून बसते आणि नवी हवा आत घ्यायला जागाच उरत नाही. सीओपीडीत हवा बाहेर पडायला वेळ लागतो. नलिका सुजली, कफ साठला की आणखी लागतो. हवा संथ वाहते असं धरलं, तर नळीची त्रिज्या निम्मी झाल्यावर अडथळा दुप्पट नव्हे, 16 पट होतो. म्हणून तुमच्या-माझ्या नाकातून नुसतं पाणी आणणारी सर्दी आईला अंथरुणाला खिळवू शकते.

सर्दीचा उल्लेख आधी केला, कारण बहुतेक भडक्यांमागे श्वसनमार्गाचा संसर्ग असतो. डेकेअरमधून शेंबडं नाक घेऊन आलेला नातू थेट आजीच्या कुशीत शिरतो. त्याला अडवा असं मी म्हणणार नाही, तेवढ्यासाठीच ती सातासमुद्रापार आलेली असते. पण त्याचे हात धुवून मग पाठवा, आणि ताप असेल तर दोन दिवस कुशीऐवजी शेजारी बसून गोष्ट चालेल. फ्लूच्या लशीचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा ती वेळेत द्या. न्यूमोनिया आणि कोविडच्या लशींबद्दलही विचारा. आरएसव्ही विषाणूवरची लस 2023 पासून इथे ज्येष्ठांना मिळते.

दुसरं कारण धूर. तो बाहेरून येतो तेव्हा आपल्याला दिसतो. जून 2023 मध्ये कॅनडातल्या वणव्यांनी न्यूयॉर्कचं आकाश नारिंगी केलं, तेव्हा सगळ्यांनी खिडक्या लावून घेतल्या. घरातला धूर मात्र आपल्याला धूर वाटतच नाही, कारण त्याला चांगला वास असतो. उदबत्ती ज्वाळेशिवाय धुमसते, आणि धुमसणारी वस्तू सूक्ष्म कण भरपूर सोडते. डास पळवणाऱ्या कॉइलवरचा 2003 चा एक अभ्यास प्रसिद्ध आहे: एका कॉइलमधून 75 ते 137 सिगारेटींइतके सूक्ष्म कण निघाले. उदबत्ती म्हणजे कॉइल नव्हे, पण बंद खिडक्यांच्या, हीटर लावलेल्या घरात तीही कमी त्रास देत नाही. देवापुढे समई किंवा विजेचा दिवा आणि ताजी फुलं ठेवली तर आईची पूजा अडत नाही. हे मात्र तिला तुम्ही नीट समजावून सांगायचं, उदबत्तीचा पुडा गुपचूप लपवायचा नाही.

फोडणीचं गणित वेगळं. तापलेल्या तेलाच्या धुरात कण असतातच, शिवाय मिरचीतलं कॅप्सेसिन श्वासनलिकेतल्या वेदना ओळखणाऱ्या चेतातंतूंना डिवचतं आणि ठसका लागतो. (या तंतूंवरचा कॅप्सेसिनचा ग्राहक शोधल्याबद्दल डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं.) "मग चिमणी लावतो की!" पण तुमची चिमणी हवा नेते कुठे? इथल्या कितीतरी अपार्टमेंटांत शेगडीवरचा पंखा हवा एका जाळीतून गाळून पुन्हा स्वयंपाकघरातच सोडतो. पंखा चालू करून त्याच्या वरच्या कडेला हात धरा. तोंडावर वारा आला, तर धूर घरातच फिरतोय. अशा घरात फोडणीच्या वेळी खिडकी उघडा, आईला दुसऱ्या खोलीत बसवा, आणि चकल्या तिच्याकडून तळून घेण्याचा मोह आवरा. बाहेरच धूर असेल त्या दिवशी खिडकी उघडता येत नाही. त्या दिवशी तळण नको, वरण-भात करा.

थंड हवेत बाहेर पडताना नाका-तोंडावर मफलर हवा. ब्लीच, रूम फ्रेशनर, दमट तळघर यांचाही काहींना त्रास होतो.

आणि एक कारण आपल्याच लोकांत दिसतं: औषध पुरवून पुरवून वापरणं. भारतातून आणलेल्या रोटाहेलरच्या कॅप्सूल संपत येतात, इथे डॉक्टरची भेट महाग, म्हणून आई दोनऐवजी एकच वेळ घेते आणि कुणाला सांगत नाही. कॅप्सूल महिन्यातून एकदा तुम्हीच मोजा.

आता भडका ओळखायचा कसा? 1987 साली कॅनडातल्या विनिपेगच्या डॉ. अँथनिसेन यांच्या गटाने तीन खुणा वापरल्या आणि त्या अजून उपयोगी पडतात: दम वाढला, कफ वाढला, कफाचा रंग पांढऱ्याचा पिवळा-हिरवा झाला. पण 'वाढला' हे नेहमीचं माहीत असेल तरच कळतं. म्हणून ती आल्यावर पहिल्या आठवड्यातच, बरी असताना, लिहून ठेवा: किती पायऱ्यांनी थांबते, किती उशा घेते, कफाचा रंग काय, ऑक्सिमीटर किती दाखवतो. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त आकडा दाखवतं, तेव्हा आकडा चांगला आणि आई धापा टाकतेय असं असेल तर आईवर विश्वास ठेवा. "बरं वाटतंय ना?" विचारू नका, उत्तर ठरलेलं आहे. "आज आंघोळीनंतर बसावं लागलं का?" असं विचारा.

तीनपैकी एखादी खूण दिसली की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा, शनिवार-रविवार जाऊ देऊ नका. वाक्य पुरं करता येत नाही, ओठ निळसर झालेत, किंवा ती बरळतेय वा अवेळी पेंगतेय, तर थेट 911. पेंग येणं म्हणजे आराम पडला असं समजू नका, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठल्याचं ते लक्षण असू शकतं. अशा वेळी घरातली झोपेची गोळी किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध देऊ नका. घरी ऑक्सिजन असेल तर तो स्वतःच्या मनाने वाढवू नका. या आजारात बहुधा 88 ते 92 टक्के एवढंच लक्ष्य ठेवतात.

परतीच्या तिकिटाआधीही एकदा डॉक्टरांना विचारा. विमानातला दाब 8000 फूट उंचीवरच्या हवेइतका खाली येऊ शकतो, म्हणजे जमिनीवर 21 ऐवजी सुमारे 15 टक्के ऑक्सिजनची हवा घेतल्यासारखं. भडक्यातून नुकतीच उठलेली आई ते पंधरा तास कशी काढेल, याची तपासणी आधी करता येते, आणि गरज पडली तर विमानात ऑक्सिजनची सोयही. मात्र विमान कंपनीला काही दिवस आधी कळवावं लागतं.