दोन चाके, चार चाके आणि वळणाचा नियम

घराच्या अंगणात एक वेगवान स्पोर्ट्स कार आणि तिच्या शेजारी एक मोटारसायकल उभी असावी, असे मनोराज्य तुमच्यापैकी पुष्कळांनी केले असेल. मालक एक, रस्ताही तोच. परंतु दोन्ही वाहनांचा तोल सांभाळण्याची रीत सर्वस्वी भिन्न आहे. ती समजून घेणे हा या पाठाचा हेतू होय.

दोघींचा जन्म जवळजवळ एकाच वेळचा. जर्मनीत गॉटलीब डायम्लर व विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली इंजिनाची दुचाकी बनविली. ती कलंडू नये म्हणून तिला दोन्ही बाजूंस लहान आधारचाके जोडली होती. पुढल्याच वर्षी, २९ जानेवारी १८८६ रोजी, कार्ल बेंझ यांनी आपल्या तीनचाकी मोटारगाडीच्या पेटंटसाठी अर्ज केला. तोल हा प्रश्न असा प्रारंभापासूनच होता.

आता वळणाचा विचार करू. गतिमान वस्तू सरळ रेषेतच जाऊ पाहते. तिला वळवावयाचे तर वळणाच्या केंद्राकडे ओढणारे बल हवे, आणि सपाट रस्त्यावर ते केवळ टायरच्या घर्षणातून मिळते. समजा, वळणाची त्रिज्या ५० मीटर आहे. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाताना हे बल वाहनाच्या वजनाच्या सुमारे एक पंचमांश लागते. वेग दुप्पट, म्हणजे ताशी ७२ किलोमीटर केला, तर बल दुप्पट नव्हे, चौपट लागते. म्हणजे वजनाच्या चार पंचमांशांहून किंचित अधिक. कोरडा डांबरी रस्ताही एवढी पकड जेमतेमच देतो. पावसाने भिजलेला किंवा वाळू पसरलेला रस्ता तर मुळीच नाही.

स्पोर्ट्स कार बुटकी व रुंद असते. तिचा गुरुत्वमध्य जमिनीजवळ असल्याने ती सहसा उलटत नाही. पकड सुटली तर घसरते, तरी चार चाकांवर उभी राहते. मोटारसायकलस्वाराला मात्र वळणाच्या आतील बाजूस झुकावे लागते. वरील उदाहरणात पहिल्या वेगाला सुमारे १२ अंश, तर दुसऱ्याला सुमारे ३९ अंश! अशा स्थितीत चाक घसरले की स्वार थेट जमिनीवर येतो.

हा नियम आपल्या माळव्यातच भव्य स्वरूपात पाहावयास मिळतो. धार जिल्ह्यातील पीथमपूर येथे २०२१ साली ‘नॅट्रॅक्स’ या वाहन-चाचणी केंद्राच्या ११.३ किलोमीटर लांबीच्या लंबवर्तुळाकार मार्गाचे उद्घाटन झाले. दुचाकीपासून अवजड मालमोटारीपर्यंत सर्व वाहनांची तेथे परीक्षा होते. त्याच्या वळणांवर रस्ता बाहेरच्या बाजूने उंच उचललेला आहे. दुचाकीस्वार स्वतः झुकतो; येथे जणू रस्ताच वाहनासाठी झुकलेला आहे. त्यामुळे एका ठरावीक वेगाला घर्षणावाचूनही वाहन वळते. आपल्या गावच्या रस्त्यांना अशी रचना नसते, हे विसरता कामा नये.

हातापायांच्या सवयीही निराळ्या. मोटारीचा क्लच डाव्या पायाखाली, तर मोटारसायकलचा डाव्या हातात. मोटारीत एकच पायब्रेक चारही चाके रोखतो. मोटारसायकलला सामान्यतः पुढचा ब्रेक उजव्या हाताने व मागचा उजव्या पायाने लावतात. म्हणून एका वाहनात तरबेज झालेला मनुष्य दुसऱ्यावर पुन्हा विद्यार्थीच असतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातही गिअरची मोटारसायकल व हलके मोटार वाहन हे परवान्याचे वेगळे वर्ग आहेत, आणि दोहोंसाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक वा वाहनमालक यांना तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो.

तात्पर्य, वाहन पैशाने विकत मिळते. त्यावरील प्रभुत्व मात्र अभ्यासानेच मिळवावे लागते. मोटारीत पट्टा, दुचाकीवर शिरस्त्राण आणि वळणापूर्वीच कमी केलेला वेग, या तीन गोष्टी ज्याने अंगी बाणविल्या, तोच दोन्ही वाहनांचा खरा धनी. वडीलधाऱ्यांनी किल्ली हाती देण्यापूर्वी हा पाठ मुलांकडून वदवून घ्यावा, आणि मुलांनीही तो वडीलधाऱ्यांना सांगण्यास संकोचू नये.