डबी कुठे ठेवशील?

मिरज, मंगळवार

चि. मनू,


तुझा मेसेज रात्री साडेअकराला आला. ‘मावशी, ती रोजची गोळी सुरू करू की नको? हो की नाही, एवढंच सांग.’ एवढ्यावर भागत असतं तर वीस वर्षं समुपदेशकाच्या खुर्चीत बसून मी लोकांचं डोकं खाल्लं नसतं. म्हणून कागद घेतला. वाचलास की फाडून टाक. यात तुझ्या जोडीदाराची गोष्ट आहे, ती कुणाला सांगायची ते त्यानं ठरवायचं. ताईनं मला कितीही खोदून विचारलं तरी माझ्या तोंडून निघायची नाही.

नऊ वर्षं तो एआरटीवर, म्हणजे एचआयव्हीच्या औषधांवर आहे आणि रक्तात विषाणू (व्हायरल लोड) सापडत नाही, असं तू लिहितेस. रिपोर्ट तुझ्या डोळ्यांनी पाहिलास का? माग. पत्रिका मागताना आपल्याकडे कुणी लाजत नाही, मग हा कागद मागताना कसली लाज? रिपोर्ट ताजा असेल आणि त्याच्या गोळ्या चुकत नसतील, तर संबंधातून त्याच्याकडून तुला लागण होत नाही. हे मी तुला धीर यावा म्हणून म्हणत नाहीये. एचपीटीएन ०५२ नावाचा अभ्यास झाला, त्यात एकाला एचआयव्ही आणि दुसऱ्याला नाही अशी १,७६३ जोडपी होती, आपल्या पुण्यातलीसुद्धा. २०११ मध्ये निकाल आला : लवकर औषध सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली होती. पुढे युरोपातल्या अभ्यासात, विषाणू दबलेल्या माणसाकडून कंडोम नसतानाही जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही.

मग तुला एचआयव्ही टाळायची ही गोळी कशाला? खरं सांगायचं तर कदाचित नकोच. पण रिपोर्ट जुना निघाला, मधे त्याच्या गोळ्या चुकल्या, किंवा सगळं समजूनही रात्री तुझ्या छातीत धडधडतं, तर घे. मन शांत राहावं म्हणून औषध घेण्यात काही चूक नाही. फक्त त्याच्यावरच्या रागानं किंवा संशयानं घेऊ नकोस. तसं घेतलेलं महिनाभरात सुटतं.

आता मुद्द्याचं. आफ्रिकेत जवळपास एकाच काळात दोन मोठे अभ्यास झाले. गोळी तीच, टेनोफोव्हिर आणि एमट्रिसिटाबिनची. केनिया-युगांडातल्या जोडप्यांत लागण ७५ टक्क्यांनी कमी झाली. दुसरा अभ्यास दक्षिण आफ्रिका, युगांडा आणि झिम्बाब्वेतल्या ५,०२९ बायकांचा. तिथे गोळीचा काहीच उपयोग दिसला नाही! बायका सांगत होत्या, घेतो. परत आणलेल्या गोळ्या मोजल्या तर हिशेबही जुळत होता. रक्त तपासलं तेव्हा तिसऱ्या हिश्श्याहून कमी नमुन्यांत औषध सापडलं. नंतर त्यांच्याशी बोलल्यावर उलगडा झाला. धडधाकट बाईनं एड्सवाल्यांची गोळी का खायची, नवरा काय म्हणेल, शेजारीण बाटली बघेल. पहिल्या अभ्यासात घरातल्या दोघांनाही सगळं ठाऊक होतं. दुसऱ्यात बऱ्याच जणींना गोळी लपवावी लागत होती.

मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या सेंटरवर एआरटीच्या बाटलीत कापूस कोंबून नेणाऱ्या बायका मी पाहिल्यात. एसटीत पिशवी खुळखुळली की सगळे माना वळवतात म्हणे. जत तालुक्यातली एक बाई तर अजून डोळ्यांसमोर आहे. नवरा ट्रकवर, तिचा रिपोर्ट निगेटिव्ह. मी लाकडी मॉडेल काढून कंडोमचं सगळं समजावलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, “बाई, हे त्याच्या हातात झालं. माझ्या हातात काय हाय ते सांगा.” त्या वेळी माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज ही गोळी आहे. पण तिनं ती त्या घरात कुठे ठेवली असती, याचं उत्तर अजूनही मला नीट देता येत नाही.

म्हणून तुला विचारते, डबी कुठे ठेवशील? बाथरूममध्ये टूथब्रशशेजारी ठेवता येणार असेल तर बिनधास्त सुरू कर. सासूबाई येणार म्हणून कपाटात साड्यांखाली सरकवावी लागणार असेल, तर आधी त्याच्याशी बोलून घे.

बाकी डॉक्टर सांगतीलच. सुरू करण्याआधी एचआयव्ही, किडनी आणि हिपॅटायटिस बी तपासून घे. मग दर तीन महिन्यांनी एचआयव्हीची तपासणी. सुरुवातीला कदाचित मळमळेल, बहुधा आपोआप थांबेल. बायकांना गोळी रोज लागते, हवी तेव्हा एक असं चालत नाही. पुरेसं संरक्षण मिळायला कुणी सात दिवस सांगतं, कुणी एकवीस. तू एकवीस धर. बाळ हवं असेल तेव्हाही ती घेता येते. मात्र तिनं दिवस राहायचे थांबत नाहीत, की इतर गुप्तरोगही टळत नाहीत.

सहा महिन्यांतून एकदा घ्यायचं लेनाकापाविरचं इंजेक्शनही आता निघालंय. २०२४ च्या निकालात ते घेतलेल्या दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या २,१३४ मुली-बायकांपैकी एकीलाही लागण झाली नव्हती. त्याच वर्षी पुण्याच्या एम्क्युअर कंपनीलाही ते बनवायचा परवाना मिळाला. वाचलं तेव्हा मला जतचीच बाई आठवली. इंजेक्शनला डबी लागत नाही ना.

रविवारी फोन कर. ताई सकाळी नऊला देवळात जाते, तेव्हा कर. आणि दिवाळीआधी दोघं इकडे येऊन जा. त्याला तिखट चालतं का, तेही कळव.

तुझी,
मावशी