बंगळुरूमधील पीएच.डी. : अर्ज करण्यापूर्वी विचारावयाचे प्रश्न

मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. पदवी उच्च श्रेणीत संपादन केलेल्या कमला भागवत यांनी १९३३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. लेखिका दुर्गा भागवत यांच्या त्या भगिनी. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघेही याच संस्थेत शिकलेले रसायनशास्त्रज्ञ होते. असे असूनही संस्थेचे तत्कालीन संचालक सर सी. व्ही. रामन यांनी अर्जदार स्त्री असल्याच्या कारणावरून अर्ज नाकारला. कमलाबाईंनी बंगळुरू गाठून संचालकांना जाब विचारला आणि सत्याग्रहाचा मार्ग धरला. अखेर प्रवेश मिळाला तो अटींवर : पहिले वर्ष परिविक्षेचे राहील, मार्गदर्शक सांगतील तेव्हा रात्रीही काम करावे लागेल आणि त्यांच्या उपस्थितीने प्रयोगशाळेतील पुरुष सहकाऱ्यांचे लक्ष विचलित होता कामा नये. पुढे त्यांनी केंब्रिज विद्यापीठात वनस्पतींच्या पेशींतील ‘सायटोक्रोम सी’ या घटकावर संशोधन केले आणि १९३९ मध्ये सुमारे ४० पानांच्या प्रबंधावर पीएच.डी. मिळवली. विज्ञान शाखेत ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून कमला सोहोनी हे त्यांचे विवाहोत्तर नाव सांगितले जाते.

याच शहरातील दुसरे उदाहरण तितकेसे परिचित नाही. अण्णा मणी यांनी १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात रामन यांच्याच प्रयोगशाळेत हिरे व माणिक यांच्या वर्णपटांचा अभ्यास केला, एकटीच्या नावावर शोधनिबंध प्रसिद्ध केले आणि १९४५ मध्ये प्रबंध मद्रास विद्यापीठाकडे सादर केला. त्या काळी संस्थेतील संशोधनाला पदवी विद्यापीठाकडून मिळत असे. अण्णा मणी यांच्याकडे एम.एस्सी. पदवी नाही, एवढ्या कारणावरून विद्यापीठाने पीएच.डी. नाकारली. पुढे पुण्यात भारतीय हवामान खात्यासाठी त्यांनी उपकरणनिर्मितीचे मोठे काम उभे केले. परंतु ते ‘डॉक्टर’ या उपाधीविना.

पहिल्या उदाहरणात प्रवेश एका व्यक्तीच्या मर्जीवर अवलंबून होता; दुसऱ्यात काम पूर्ण झाले, पण काम करून घेणारी संस्था व पदवी देणारी संस्था वेगळ्या असल्याने पात्रतेचा प्रश्न अखेरीस उपस्थित झाला. आज प्रवेशाचे नियम लिखित आहेत. तथापि कोठे काम करावयाचे, पदवी कोण देणार, मार्गदर्शक कोण आणि पाच वर्षांचा निर्वाह कसा होणार, हे प्रश्न अर्जदाराला आजही अर्ज भरण्यापूर्वीच सोडवावे लागतात.

एक शहर, अनेक व्यवस्था

बंगळुरूमध्ये संशोधनाच्या संस्था इतक्या एकवटल्या आहेत की मराठवाडा किंवा विदर्भातून येणाऱ्या विद्यार्थ्याला त्या सर्व एकाच प्रकारच्या वाटतात. प्रत्यक्षात त्यांच्या रचनेत बराच फरक आहे. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय विज्ञान संस्थेला १९५८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला; ती स्वतः पदवी देते. जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रही अभिमत विद्यापीठ आहे. राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र हे टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असल्याने तेथील पदवी त्या संस्थेची असते. समाजशास्त्रीय संशोधनासाठी प्रा. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी १९७२ मध्ये उभी केलेली इन्स्टिट्यूट फॉर सोशल अँड इकॉनॉमिक चेंज ही अर्थशास्त्र, विकेंद्रीकरण व ग्रामीण विकासाच्या अभ्यासकांना जवळची, तिचा पीएच.डी. कार्यक्रम दीर्घकाळ म्हैसूर विद्यापीठाशी जोडलेला आहे. भारतीय व्यवस्थापन संस्थेत पूर्वी ‘फेलो’ ही उपाधी मिळे. २०१७ च्या कायद्यानंतर पीएच.डी. पदवी देण्याचा अधिकार तिला प्राप्त झाला.

म्हणून माहितीपत्रकातील पहिली ओळ कोणती वाचावी, तर पदवी प्रदान करणाऱ्या विद्यापीठाचे नाव असलेली. नोंदणीची तारीख, शुल्क, पात्रतेचे गुण आणि प्रबंधाचे परीक्षण या सर्व बाबी त्या विद्यापीठाच्या नियमांनी ठरतात. परदेशी विद्यापीठाच्या नावावर खासगी कंपन्यांमार्फत चालणाऱ्या ऑनलाइन पीएच.डी. कार्यक्रमांना मान्यता नाही, असा इशारा विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दिला आहे. नोकरी सांभाळून संशोधन करू इच्छिणाऱ्यांनी त्या वाटेला न जाता अर्धवेळ नोंदणीचा विचार करावा. त्यासाठी नियोक्त्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आवश्यक असते. भारतीय विज्ञान संस्थेतही मान्यताप्राप्त संस्थांतील कर्मचाऱ्यांसाठी बाह्य नोंदणीची स्वतंत्र सोय आहे.

पात्रता आणि प्रवेश

नोव्हेंबर २०२२ मध्ये अधिसूचित झालेल्या आयोगाच्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. अनुसूचित जाती-जमाती, उन्नत व प्रगत गटाबाहेरील इतर मागासवर्ग, दिव्यांग आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. चार वर्षांच्या पदवी अभ्यासक्रमात ७५ टक्के गुण मिळवणाऱ्यालाही थेट अर्ज करता येतो. एम.फिल. आता बंद झाले आहे.

जून २०२४ पासून नेट परीक्षेचे निकाल तीन गटांत लागतात : कनिष्ठ अधिछात्रवृत्तीसह पात्र, सहायक प्राध्यापकपद व पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र, आणि केवळ पीएच.डी. प्रवेशासाठी पात्र. पहिल्या गटातील उमेदवारांची निवड मुलाखतीवर होते. उर्वरित दोन गटांसाठी नेटच्या गुणांना ७० टक्के व मुलाखतीला ३० टक्के भार असून हे गुण प्रवेशासाठी एकच वर्ष ग्राह्य राहतात. ही एका वर्षाची मर्यादा अनेकांच्या लक्षात येत नाही.

विज्ञान व अभियांत्रिकीत वाट थोडी निराळी आहे. भारतीय विज्ञान संस्थेत गेट किंवा नेट-कनिष्ठ अधिछात्रवृत्ती यांसारख्या राष्ट्रीय परीक्षांच्या आधारे उमेदवार निवडून त्यांची विभागवार मुलाखत घेतली जाते. बी.एस्सी. झालेल्यांसाठी ‘जॅम’ परीक्षेवर आधारित एकात्मिक पीएच.डी. आहे, ज्याची माहिती आपल्याकडील जिल्हास्तरीय महाविद्यालयांत फारशी पोहोचलेली नाही. मुख्य प्रवेशाचे अर्ज साधारणतः वर्षारंभी निघतात आणि सत्र ऑगस्टमध्ये सुरू होते. याचा अर्थ तयारी आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात सुरू व्हावयास हवी.

संशोधनाचा प्रश्न

अर्जातील सर्वांत दुर्लक्षित कागद म्हणजे संशोधन आराखडा. समाजशास्त्रांच्या मुलाखतीत निवड बहुतांशी त्यावरच ठरते. ‘लातूर जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या समस्या : एक चिकित्सक अभ्यास’ या धर्तीचे शीर्षक वारंवार दिसते. त्यात विषय आहे, जिल्हा आहे, प्रश्न नाही. याच विद्यार्थ्याने असे विचारले तर? काढणीनंतर सोयाबीनचे भाव पडतात, म्हणून शेतमाल तारण योजनेत माल गोदामात ठेवून कर्ज मिळते. मग माल थांबवून ठेवणाऱ्या लहान शेतकऱ्याला व्याज, साठवणूक व वाहतूक वजा जाता खरोखर जास्त पैसे मिळतात का? आणि मिळत असतील, तर सर्व शेतकरी योजनेत का येत नाहीत? आता प्रश्नाला धार आली. बाजार समितीतील दैनंदिन आवक व भावांची आकडेवारी उपलब्ध आहे, योजनेत सहभागी व असहभागी कुटुंबांची तुलना करता येते, आणि उत्तर ‘नाही’ असे आले तरी प्रबंध उभा राहतो. शेवटची कसोटी महत्त्वाची. ज्या प्रश्नाचे उत्तर संशोधकाला आधीच ठाऊक असते, त्यावर पाच वर्षे खर्च करण्याचे कारण नाही.

आराखड्यात आजवर झालेल्या कामाचा आढावा, माहितीचा स्रोत, नमुना निवडण्याची रीत व वेळापत्रक हवे. पूर्वीचे प्रबंध ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. त्याच विषयावरील दोन-तीन प्रबंध वाचून अर्ज करणारा उमेदवार मुलाखतीत लगेच ओळखू येतो. मराठी माध्यमातून आलेल्यांनी इंग्रजीचा बाऊ करू नये. निवड समितीला अलंकारिक इंग्रजी अपेक्षित नसते. आपला प्रश्न पाच साध्या वाक्यांत मांडता येतो का, एवढेच पाहिले जाते. कर्नाटकात क्षेत्रपाहणी करावयाची असल्यास मात्र कामापुरती कन्नड शिकणे अटळ आहे.

मार्गदर्शकाची निवड

विनियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी अवधी उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. त्यामुळे नामवंत मार्गदर्शकाला पत्र लिहिण्यापूर्वी त्यांच्याकडे जागा आहे का, हे पाहावे. त्यांचे अलीकडचे दोन शोधनिबंध वाचून, आपला प्रश्न त्यांच्या कामाशी कोठे जुळतो हे सांगणारे छोटे पत्र पाठवावे. ‘आपल्या मार्गदर्शनाखाली कोणत्याही विषयावर काम करण्यास तयार आहे’ असे लिहिणारी पत्रे बहुधा अनुत्तरित राहतात, आणि ते योग्यच आहे. त्या मार्गदर्शकांच्या विद्यमान विद्यार्थ्यांशी बोलून प्रबंधाला किती वर्षे लागली, मसुदा किती दिवसांत वाचून मिळतो, याची चौकशी करण्यात संकोच नसावा.

प्रवेशाचे नियम काटेकोर झाले असले, तरी प्रवेशानंतरच्या काळात संशोधकाचे भवितव्य अजूनही मोठ्या प्रमाणात एकाच व्यक्तीच्या हाती राहते, ही या व्यवस्थेतील खरी दुर्बलता होय. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीसमोर प्रगती मांडण्याची तरतूद आहे. अनेक विद्यार्थी तिच्याकडे औपचारिकता म्हणून पाहतात. वास्तविक मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यास कागदोपत्री आधार देणारी हीच समिती असते, म्हणून तिच्यासमोरील प्रत्येक सादरीकरणाची लेखी नोंद जपून ठेवावी.

पाच वर्षांचा हिशेब

कनिष्ठ अधिछात्रवृत्तीची रक्कम १ जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये, तर पहिल्या दोन वर्षांनंतरच्या वरिष्ठ टप्प्यात ४२,००० रुपये करण्यात आली. निवडक संस्थांसाठी असलेली पंतप्रधान संशोधन अधिछात्रवृत्ती पहिल्या दोन वर्षांत दरमहा ७०,००० रुपये अशा दराने २०१८ मध्ये सुरू झाली. समाजशास्त्रांतील संस्थात्मक अधिछात्रवृत्त्या याहून बऱ्याच कमी असतात. बार्टी, सारथी, महाज्योती या महाराष्ट्रातील संस्थाही संशोधकांना साहाय्य देतात. राज्याबाहेरील नोंदणीला ते लागू होते का, हे त्या त्या वर्षीच्या जाहिरातीत तपासावे. बंगळुरूमधील घरभाडे पाहता वसतिगृह मिळणार की नाही, हा प्रश्न अधिछात्रवृत्तीइतकाच महत्त्वाचा ठरतो.

अर्थशास्त्राच्या भाषेत याहून मोठा खर्च म्हणजे या वर्षांत न मिळालेले वेतन. केवळ महाविद्यालयातील नोकरीसाठी पीएच.डी. करणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की जुलै २०२३ मधील बदलानुसार सहायक प्राध्यापकाच्या थेट भरतीसाठी नेट, सेट किंवा स्लेट ही किमान अर्हता असून पीएच.डी. ऐच्छिक आहे.

विनियमांत किमान कालावधी तीन वर्षे व कमाल सहा वर्षे आहे. पुनर्नोंदणीने आणखी दोन वर्षे मिळू शकतात. महिला आणि ४० टक्क्यांहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या संशोधकांना त्यावर दोन वर्षांची सवलत, तसेच महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा घेता येते. नोंदणीच्या वेळीच ही तरतूद समजून घेतली, तर लग्न वा बाळंतपणामुळे अर्धवट राहणारे कित्येक प्रबंध पूर्ण होऊ शकतील. पहिल्या काळात किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रम पूर्ण करून त्यात किमान ५५ टक्के गुण मिळवावे लागतात. शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती २०२२ च्या विनियमांनी काढली असली, तरी संस्था स्वतःच्या अटी घालू शकतात. प्रबंधपूर्व सादरीकरण झाल्यावर साहित्यचौर्याची तपासणी होते, किमान दोन बाह्य परीक्षकांकडे प्रबंध जातो आणि अनुकूल अहवाल आल्यानंतर मौखिक परीक्षेची तारीख निश्चित होते. परीक्षकांचे अहवाल येण्यास काही महिने लागू शकतात. अधिछात्रवृत्ती त्या काळात संपलेली असल्यास निर्वाहाची सोय आधीच करून ठेवावी.